रिकामा खिळा आणि आमची फुंकणी

आमच्या घरात चूल होती तोवर आमची फुंकणी माझ्या तोंडाला कमी आणि शेजारच्या नानांच्या कानाला जास्त लागायची. चुलीत लाकडं सारावीत, डोळे पुसावेत आणि फुंकणीकडे हात न्यावा, तर ती जागेवर नाही. खिडकीतून बघावं तर नाना एखाद्या ट्रकच्या उघड्या बॉनेटमध्ये वाकून उभे. फुंकणीचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. इकडे माझी चूल धुमसतेय, सासूबाई खोकतायत, आणि नाना मात्र कोणी लांबच्या गावाहून निरोप सांगतंय असं ऐकत उभे.

नाना गाड्यांचे मिस्त्री. पोलादपुरातून महाबळेश्वरकडे जो रस्ता जातो त्याच्या कडेला आमचं घर, आणि घराला लागूनच नानांची पत्र्याची शेड. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्यांच्या गॅरेजात उघडायची. ऑइलचा वास, हातोड्याचा आवाज आणि नानांची बोलणी हे सगळं मला लग्न होऊन आल्या दिवसापासून भाकरीबरोबर मिळालं. मी मुळातच बुजरी. परक्या माणसासमोर शब्द फुटत नसे. नाना माझ्याहून बुजरे. समोर बाईमाणूस आलं की ते ट्रकच्या चाकाकडे बघून बोलत. त्यामुळे चौदा वर्षांत आमच्यात एकच वाक्य झालं होतं. ते खिडकीबाहेरून म्हणत, "सूनबाय, फुकनी दे गो." मी गजातून फुंकणी बाहेर सरकवत असे. संपलं.

एकदा सासूबाई वैतागल्या. "नानू, महाडच्या बाजारात फुंकण्या मिळत नाहीत का रे?" नाना खजील झाले. पुढच्या बाजाराला नवीकोरी फुंकणी घेऊन आले. आठ दिवस तिला कान लावून बघितला आणि नवव्या दिवशी ती आमच्या खिडकीत आणून ठेवली.

"ही तुमाला घ्या काकू. तुमची जुनीच मला द्या. हिला ऐकूच येत नाय."

"लोखंडाला कसलं रे ऐकू येतंय?"

"येतं काकू. जुनीनं इतकी वर्सं घरातल्यांचं पोट भरलंय. ती खोटं नाय ऐकत."

सासूबाईंनी जुनी दिली नाही, नवीही परत केली नाही. पण त्या दिवसापासून नानांनी मागितल्यावर कुरकुरणं मात्र बंद केलं.

नानांची दुसरी गंमत म्हणजे त्यांचे हात. मिस्त्री असून गाडीला हात लावायला ते तयार नसत. गाडी आली की दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि तिच्याभोवती फिरायला लागायचं. एक फेरी, दोन फेऱ्या, कधी दहा. ड्रायव्हर घाईत असला, त्यानं पाना उचलला, की नाना ओरडलेच, "हात मागं!" तोही बिचारा हात मागे बांधून त्यांच्या मागोमाग फिरायला लागायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, इथं कसली तरी प्रदक्षिणा चाललीय. गावात कोणाचं लग्न असलं तर अक्षता टाकायलासुद्धा नानांचे हात पाठीमागून सुटायला वेळ लागे. तोवर मंगलाष्टकं संपत. मग त्यांच्या अक्षता वधूवरांऐवजी जेवायला पळणाऱ्या वऱ्हाडावर पडत.

फेऱ्या मारताना ते प्रश्न विचारत. आवाज कधीपासून येतोय? चढाला येतो की उताराला? त्या आधी गाडीला काय नवं लावलं? मालक काही लपवत असला तर नानांना ते कसं कोण जाणे कळायचं. "गाडी खोटं नाय बोलत, मालक बोलतंय," असं म्हणून ते हसायचे आणि लगेच गंभीर होऊन पुढे सांगायचे, "मिस्त्रीनं तर बोलूच नाय. मिस्त्री खोटं बोलला की घाटात मानूस मरतंय."

आणि तिसरी गंमत म्हणजे ती भिंत. शेडच्या मागच्या भिंतीवर फळ्या मारल्या होत्या आणि फळ्यांवर खिळे. गाडी दुरुस्त झाली की दोष ज्या वस्तूत सापडला ती वस्तू नाना खिळ्याला टांगत. खाली खडूनं गावाचं नाव लिहीत. झिजलेल्या बेअरिंगा होत्या, तुटलेली स्प्रिंग होती. तुडीलच्या एका जीपच्या डिझेलच्या टाकीत सापडलेली पोराची गोटी होती. एका टेम्पोच्या हवेच्या डब्यात उंदरानं केलेलं घरटं होतं, त्यात मालकाच्या बायकोच्या हरवलेल्या साडीचा काठ होता. टांगण्याआधी नाना ती वस्तू वर धरून जमलेल्या सगळ्यांना दाखवत आणि तिचा सगळा इतिहास सांगत. त्याला ते "बयान" म्हणत. चहाच्या टपरीवरची माणसं हातातले पेले घेऊन बयान ऐकायला येत. गुन्हेगार कसा लपला, कोणाकोणाला फसवलं, शेवटी कसा सापडला. नाना एरवी मोजकं बोलत, पण बयान द्यायला लागले की थांबत नसत.

भिंतीच्या मधोमध एक दणकट खिळा मात्र रिकामा होता. त्याच्याखाली रबरी नळ्यांची वेटोळी टांगलेली असत, पण खिळ्याला काही नाही. कोणी विचारलं तर नाना म्हणत, "तो मोठ्या चोरासाठी राखून ठेवलाय."

तो मोठा चोर आला त्या वर्षीची ही हकीकत.

शिमग्याला पंधरा दिवस राहिले होते. एका शुक्रवारी दुपारी रस्त्यावरून असा घोंघाट येऊ लागला की मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून खिडकीशी गेले. एक जुना डिझेल ट्रक शेडसमोर येऊन उभा राहिला होता. उभा होता, पण इंजिन मात्र घाट चढत असल्यासारखं ओरडत होतं. ड्रायव्हरनं बंद करायची दांडी ओढली तेव्हा कुठे ते थांबलं आणि कान मोकळे झाले.

ट्रक उमरठच्या वर डोंगरात एक वाडी आहे तिथला. मालक दगडू, तोच ड्रायव्हर. पस्तिशीचा, हाडकुळा. बरोबर त्याची आई बायजाबाई. वाडीवर जाणारी ती एकच गाडी. गवत, दुधाच्या कॅन्या, शेरडं, आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच खाली यायचं.

"नाना, पाय काढला तरी गाडी पळतेय," दगडू म्हणाला. "दोन म्हयने झालं. आधी थोडं थोडं होतं. आता आंबेनळी घाट उतरताना गाडीच मला ढकलते. ब्रेक लाल होतात. परवा वळणावर आयेला म्हटलं, उडी मार."

"मी नाय मारली," बायजाबाई म्हणाली. "हा कुठं मारत होता?"

महाडच्या विलास मिस्त्रीनं डिझेलचा पंप दोनदा खोलला होता. विलास मुंबईला काही वर्षं राहून आलेला. त्यानं शेवटी सांगितलं होतं की पंप मेला, गाडी भंगारात घाला. गिऱ्हाईकही त्यानंच आणलं होतं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ट्रक घ्यायला येणार होता.

"मग तू काय करणार?" नानांनी चाकाकडे बघत विचारलं.

"मुंबईला जायचं. मावसभाऊ वॉचमन हाय, तो लावतो म्हणाला."

"आनि ही?"

उत्तर बायजाबाईनंच दिलं. "मी हाय वाडीवर. दोन म्हशी हायत, बारा शेरडं हायत. मला काय धाड भरलीय." असं म्हणून तिनं तोंड पदरानं पुसलं, आणि मग पुसतच राहिली.

नानांनी हात मागे बांधले.

एक फेरी, दोन फेऱ्या. दगडू मागोमाग. उन्हं कलली तरी फेऱ्या चालूच. प्रश्न चालूच. दसऱ्याला काय नवं घातलं? ही नळी. कोणी घातली? मीच. आवाज कधी सुरू झाला? नाताळच्या सुट्टीत, घाटात गर्दी होती तेव्हा. दगडू घायकुतीला आला. "नाना, उद्या दुपारी ते येतील हो. आता तरी पाना घ्या!"

"आज वळख झाली," नाना म्हणाले. "उद्या सकाळी ये."

बायजाबाई तोवर आमच्या मागच्या पडवीत येऊन टेकली होती. मी चहा दिला. बोलले काही नाही, पण तिला त्याची गरज नव्हती. ती स्वतःच बोलत होती. शेरडांची नावं सांगून झाली, म्हशींच्या खोड्या सांगून झाल्या. मग गाडीवर आली.

"दर अवसेला मी लिंबू, मिरच्या, कोळसा नि ताजा बिब्बा ववून बांधते बघ गाडीला. नजर लागत नाय. पन माझी ही मसणातली शेरडंच बंपरवरचं लिंबू-मिरची खाऊन टाकतात! मग दसऱ्यापासून मी पोटातच बांधायला लागले. झाकणाच्या आत. तिथं बरी नळी हाय एक, तिला गच्च आवळून बांधते. आता खा म्हटलं!"

मी हसले. मला ती युक्ती आवडली.

शनिवारी सकाळी नाना आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. चहाच्या टपरीवर बातमी गेलेली, त्यामुळे माणसंही जमली होती. ठरल्या वेळेआधीच, दहाच्या सुमाराला महाडहून विलास मिस्त्रीही आला. त्याच्यासोबत भंगारवाला, टेम्पो, आणि टेम्पोत गाडी तोडायचं सामान.

"अरे नाना, टाइम का वेस्ट करताय?" विलास म्हणाला. "टोटल केस गेलेली आहे. पंपाच्या आतला पडदा फाटला की खेळ खल्लास. दोनदा खोलून बघितलं मी."

"खोलून बघितलंस. ऐकून बघितलंस का?"

"ते फुंकणीशास्त्र तुमचं तुम्हालाच लखलाभ."

लोक हसले. नाना आमच्या खिडकीशी आले. "सूनबाय, फुकनी दे गो." त्या दिवशी मी ती आधीच पुसून हातात धरून उभी होते.

दगडूनं गाडी चालू केली. घोंघाट सुरू झाला. नाना वाकले, फुंकणीचं टोक इंजिनाच्या हवेच्या नरड्याशी नेलं, आणि डोळे मिटले. नरड्यापासून बोटाएवढी जाड एक रबरी नळी पंपाकडे जाते. त्या नळीवरून ते फुंकणी तसू तसू पुढे सरकवत गेले. एका जागी थांबले. पुढे गेले. परत मागे आले, फुंकणी उलटी करून पुन्हा कानाला लावली. तिथंच थांबले. मग हात वर करून दगडूला गाडी बंद करायला सांगितली.

"हितं वारा खातोय," ते म्हणाले.

विलास पुढे झाला. बघितलं आणि हसला. "नाना, दसऱ्याला टाकलेली नवी नळी आहे. वरून चकाचक. आवाज पंपातूनच येतोय, नळीतून तुम्हाला ऐकू येतोय."

"बरं, तसं म्हन." नाना टपरीवाल्यांकडे वळले. बयान द्यायला त्यांना एवढं पुरे होतं. "शहाळ्याचं पानी नळीनं पिता ना? नळीला मधेच भोक पडलं तर तोंडात काय येतं? नुसता वारा. आता ह्या जुन्या गाडीचं बघा. पाय काढला की नरड्यातली झडप मिटते, इंजिन जोरात ओढ घेतं, ती ओढ ह्या नळीतून पंपाच्या पडद्याला पोचते, आनि पंप डिझेल कमी करतो. ओढ पोचलीच नाय तर पंपाला कोन सांगनार, कमी कर म्हनून? तो आपला ओततोय डिझेल. इंजिन बोंबलतंय. आता चोर पंप हाय का नळी, ते बघू."

त्यांनी नळीचं नरड्याकडचं टोक काढलं. पंपाची दांडी पुरती मागे दाबली, नळीच्या तोंडावर थुंकी लावलेला अंगठा घट्ट धरला आणि दांडी सोडली. दांडी हळूहळू पुढे सरकत गेली.

"बघा, वारा आत आला."

मग नळी पंपाकडूनही सोडवून बाजूला केली. परत दांडी मागे दाबली. आता अंगठा थेट पंपाच्या तोंडावर. दांडी सोडली. ती जराशी हलली आणि थांबली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. टपरीवाल्यानं तर पेला तोंडाशीच धरून ठेवला होता. नाना शांतपणे दूर बघत उभे राहिले. दांडी जागची हलली नाही.

"विलास, पडदा फाटला असता तर ही पळाली असती का नसती?"

विलासनं दांडीकडे पुन्हा एकदा बघितलं. "असती," तो म्हणाला.

जो गलका झाला! दगडूनं तर तिथल्या तिथे उडी मारली. एक म्हातारा म्हणाला, "नाना, दाखवा चोर! टांगा खिळ्याला!" सगळ्यांनी तेच लावून धरलं. चोर दाखवा, चोर दाखवा.

नळी अजून बॉनेटच्या आतच लोंबत होती. तिला मधोमध बायजाबाईनं बांधलेला काळा दोरा होता, लिंबू वाळून लाकूड झालेलं, आणि बिब्बा नळीच्या खालच्या अंगाला आवळलेला. विलासनं पंप दोनदा खोलला पण त्या दोऱ्याला हात लावला नव्हता. आमच्याकडे कोणी लावतच नाही. दुसऱ्यानं बांधलेली नजर सोडली तर ती सोडणाऱ्याला लागते असं म्हणतात. नळीची तेवढीच चार बोटं जागा दोन महिन्यांत कोणी पाहिली नव्हती.

नाना वाकले. सगळ्यांकडे त्यांची पाठ होती, पण माझी खिडकी बाजूला आहे. त्यांनी दोरा सोडला. नळीच्या खालच्या अंगाकडे बघितलं. मान वळवून बायजाबाईकडे बघितलं. ती रस्त्याकडेच्या एका दगडावर हात जोडून बसली होती, ओठ हलत होते. मग नानांनी बिब्बा शर्टाच्या खिशात टाकला, नळी फडक्यात गुंडाळली, फडकं पायानं बाकाखाली सरकवलं आणि सरळ उभे राहिले.

"नळी फाटली होती," ते म्हणाले.

लोक वाट बघत राहिले. एवढंच? बयान?

"नवी नळी कशी फाटली पण?" विलासनं विचारलं. आता त्यालाही खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रबराची जात. एखादी निघते खराब." नानांनी खिळ्याखालच्या वेटोळ्यांतून एक नळी काढली, मापानं कापली आणि बसवायला लागले. "दगडू, बस वर. हात मागं नको आता, चालू कर."

दगडूनं गाडी चालू केली. एकदा घुमली, आणि मग, काय सांगू, खाली आली. ढक, ढक, ढक. मोठं जेवण झालेला माणूस ओसरीवर पान खात बसावा तशी संथ. शेडच्या पत्र्यावर कावळा होता तोही उडाला नाही. दगडूनं पाय दिला, आवाज चढला. पाय काढला, आवाज उतरला. तो हे पुन्हा पुन्हा करत राहिला आणि प्रत्येक वेळी लोक टाळ्या वाजवत राहिले.

"हितं कोन पन गाईल," नाना म्हणाले. "घाटात गायला पायजेल. चला."

आंबेनळीच्या वळणापर्यंत वर जायचं आणि पाय काढून उतरायचं. नाना स्टिअरिंगवर बसले, बाजूला विलास, आणि मध्ये बायजाबाई. दगडूनं तिला थांबवायला बघितलं. "तवा उडी नाय मारली, आता काय मारते?" म्हणून ती चढली. भंगारवाला आपल्या टेम्पोला टेकून बिडी ओढत राहिला.

मी भाकऱ्या थापायला बसले, पण लक्ष कानात. घाटावरून उतरणाऱ्या गाडीचा आवाज आमच्याकडे आधी येतो आणि गाडी मागून. बराच वेळ काही नाही. सासूबाईंनीही जपमाळ थांबवली. मग वरून तो आवाज आला. उताराला इंजिन गाडीला धरून ठेवतं तेव्हाचा, जाड, दबलेला, गुरगुरणारा. गाडी ढकलत नव्हती. मी फुंकणीशिवाय ओळखला तो. सासूबाईंना म्हणाले, "धरलीन!" माझा आवाज इतका मोठा निघाला की त्याच दचकल्या.

गाडी हॉर्न वाजवत आली. विलास पहिला उतरला. सगळ्यांसमोर त्यानं वाकून नानांच्या पायाला हात लावला. "नाना, ती फुंकणी कुठली घेतली?" नाना म्हणाले, "ती शेजारनीची हाय. विकत नाय मिळत." भंगारवाल्यानं टेम्पो वळवला आणि रिकामाच महाडकडे गेला. टपरीवाल्यानं सगळ्यांना चहा दिला. एवढी माणसं हसताना त्या शेडीत मी कधी पाहिली नव्हती.

निघताना बायजाबाई नानांपुढे उभी राहिली. "माझा बिब्बा रे? सोडलास का?"

"सोडला आये. त्यानंच राखली गाडी. नायतर परवाच्या वळणावर काय झालं असतं?" नाना चाकाकडे बघत बोलत होते. "पन आता पोटात नको बांधू. इंजिनाच्या तापानं मिरची करपते, तिचा गुन जातो. वर काचेजवळ बांध. तिथं शेरडंबी नाय पोचत."

"बघ दगडू!" बायजाबाई मुलाकडे वळली. "हसत होतास ना मला?"

दगडू आईला हात देऊन वर चढवत होता. "नाय गो हसनार आता," तो म्हणाला. "बस नीट."

ट्रक गेला. मुंबईचं नाव पुन्हा निघालं नाही. मधला खिळा मात्र तसाच रिकामा राहिला. संध्याकाळी लोक विचारून गेले, एवढा मोठा चोर पकडलात आणि टांगला नाहीत? नानांनी खडू घेऊन तिथं उमरठसुद्धा लिहिलं नाही.

सोमवारी नाना दिसले तेव्हा त्यांचा उजवा कान वड्याएवढा सुजला होता. दोन बोटांवर फोड, आणि शर्टाच्या खिशामागे छातीवर लाल चट्टा. टपरीवर चेष्टा चालली होती, "नाना, इंजिन कानात शिरलं वाटतं!" नाना हसून घेत होते. मी फुंकणी घासायला घेतली. टोकाला काळा, चिकट डाग. घासून जाईना. असला डाग घासून जात नाही हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, मग रबराचं काय. इंजिनाच्या तापानं दर अवसेचा ताजा बिब्बा त्या नळीवर पाझरला असणार. बायजाबाईनं मुलाची गाडी राखायला जो गच्च आवळून बांधला, त्यानंच नळी कुजवली होती.

मी ओलं खोबरं वाटलं. वाटी खिडकीत ठेवली, शेजारी फुंकणी. नाना आले तेव्हा मी पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"नाना, बिब्बा उतलाय तुम्हाला. खोबरं लावा."

नाना इतके दचकले की त्यांनी चाकाकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघितलं. "तुला कसं कळलं गो?"

"फुंकणीवर डाग हाय."

त्यांनी वाटी घेतली. कानाला खोबरं लावता लावता म्हणाले, "कोनाला बोलू नको. पोरगं आयुष्यभर तिला बोल लावील. चिडून एकदा बोललं की ती पुन्हा बांधनार नाय."

मी मान हलवली.

"मी ट्रक चालवायचो तवा माझी आयबी असाच बिब्बा बांधायची," ते म्हणाले. आता ते पुन्हा चाकाकडे बघत होते. "मित्र हसले म्हनून मी तिच्यासमोर तोडून फेकला एकदा. परत नाय बांधलान. मला वाटलं, बांधील. मग ती गेलीच." जराशानं त्यांनी वाटी खिडकीत ठेवली. "पयलं खोटं बोललो मी गाडीबद्दल. जाऊ दे."

त्यानंतर त्यांनी हात मागे बांधले आणि दुसऱ्या गाडीकडे गेले.

पुढच्या अमावास्येला मी सकाळी लवकर उठले. एक लिंबू, सात मिरच्या, कोळसा आणि एक बिब्बा ओवला. नाना यायच्या आधी शेडीत गेले. चौदा वर्षांत मी त्या शेडीत पाऊल ठेवलं नव्हतं. स्टुलावर चढून मधल्या रिकाम्या खिळ्याला दोरा बांधला आणि पळत घरात आले.

नाना आले. खिळ्यासमोर उभे राहिले. हात मागेच होते. एखाद्या गाडीभोवती फिरावं तसे त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, माझी भाकरी करपली एवढं खरं.

मग त्यांनी हात सोडले. खिळ्याखाली टांगलेल्या रबरी नळ्या एकेक करून काढल्या, आणि सगळ्या लांब, पलीकडच्या भिंतीला नेऊन ठेवल्या.